टोकियोतले दुसरे भिन्नमत

टोकियो खटल्याचा विषय निघाला की आपल्याकडे एकच नाव घेतले जाते, न्या. राधाविनोद पाल यांचे. अकरा न्यायाधीशांपैकी एकट्या भारतीयाने सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नसली तरी कट्ट्यावर हमखास असते आणि सांगताना सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. त्यात गैर काही नाही. पण त्याच खंडपीठावरच्या एका डच न्यायाधीशानेही बहुमताशी फारकत घेतली होती, आणि त्यांची वाट पालांच्या वाटेहून अधिक अवघड होती असे माझे मत आहे. बर्नार्ड व्हिक्टर अलॉयसियस रोलिंग हे त्यांचे लांबलचक नाव. परिचितांत ते बर्ट रोलिंग.

त्यांचा परिचय करून घ्यायला ‘द टोकियो ट्रायल अँड बियाँड’ हे पुस्तक पुरेसे आहे. इटलीचे कायदेपंडित अंतोनियो कासेसे यांनी १९७७ मध्ये रोलिंग यांच्याशी प्रदीर्घ संभाषण केले. १९८५ मध्ये रोलिंग गेले आणि पुस्तक निघाले १९९३ मध्ये. त्याच वर्षी कासेसे हे युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी हेगला स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही एकाच पेशातले. पुस्तकाचे बळ त्यात आहे आणि उणीवही त्यातच आहे. उणिवेकडे पुढे वळू.

रोलिंग मुळात आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक नव्हते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. ते गुन्हेगारीशास्त्राचे माणूस. १९०६ चा जन्म. १९३३ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो ‘तथाकथित’ धंदेवाईक व सराईत गुन्हेगारांविरुद्धच्या कायद्यांवर. ‘तथाकथित’ हा शब्द माझा नव्हे, प्रबंधाच्या शीर्षकातच तो आहे. पुढल्याच वर्षी प्रा. विलेम पोम्पे यांच्याबरोबर त्यांनी उत्रेख्त विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राची संस्था उभी केली. आरोपी म्हणजे कलमाखाली बसवायचे प्रकरण नव्हे, तो आधी माणूस आहे, ही त्या परंपरेची शिकवण पुढे ‘उत्रेख्त पंथ’ म्हणून ओळखली गेली. नंतर रोलिंग न्यायाधीश झाले. जर्मन अमलात त्यांना उत्रेख्तहून मिडलबर्खला हलवण्यात आले. युद्ध संपल्यावर डच सरकारने टोकियोसाठी त्यांची निवड केली तेव्हा त्यांना चाळीसही पूर्ण नव्हती. खंडपीठात वयाने सर्वांत लहान तेच.

खटला ३ मे १९४६ रोजी सुरू झाला. आरोपी अठ्ठावीस होते. दोघे मध्येच वारले, एकाला मानसिक दृष्ट्या अपात्र ठरवून वगळले. उरलेले पंचवीसच्या पंचवीस नोव्हेंबर १९४८ मध्ये दोषी ठरले. सातांना फाशी, सोळांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. एकही सुटला नाही! शाळेच्या परीक्षेतसुद्धा सगळा वर्ग नापास झाला तर आम्ही आधी प्रश्नपत्रिका पाहतो.

डच जनतेला मात्र प्रश्नपत्रिका पाहायची नव्हती. १९४२ ते १९४५ या काळात इंडोनेशिया, म्हणजे तेव्हाचे डच ईस्ट इंडीज, जपानच्या ताब्यात होते. हजारो डच स्त्रिया-मुले छावण्यांत खितपत पडली, अनेक तिथेच मेली. अशा देशाचा न्यायाधीश सूडाच्या नव्हे, न्यायाच्या भाषेत बोलू लागला हे त्याच्या सरकारला रुचण्यासारखे नव्हते. त्यांनी भिन्नमत नोंदवू नये असे सुचवण्यात आले, पण ते बधले नाहीत. पालांच्या मागे नुकताच स्वतंत्र झालेला देश होता. रोलिंग यांच्या मागे जखमी देश होता, आणि त्याला जखमेचा हिशेब हवा होता. मी वर वाट अवघड म्हटले ते यासाठी.

अत्याचार झालेच नाहीत असे पालांनीही म्हटले नव्हते. जपानी सैन्याची क्रौर्ये त्यांनी स्पष्ट मान्य केली. दोष या आरोपींवर शाबीत होत नाही आणि आक्रमक युद्ध हा गुन्हा असल्याचा कायदाच तेव्हा नव्हता, असे त्यांचे म्हणणे. रोलिंग अर्ध्या वाटेपर्यंत त्यांच्याबरोबर चालतात. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ कराराने युद्ध निषिद्ध ठरले, पण ते सुरू करणारी व्यक्ती गुन्हेगार ठरत नव्हती, हे त्यांनाही मान्य होते. मात्र रूढ युद्धगुन्हे, म्हणजे कैद्यांचा छळ, निरपराधांची कत्तल, यांचा कायदा जुना होता, आणि तिथे त्यांना पुरावा एकेका माणसाचा हवा होता.

पाच जण सुटावेत असे त्यांनी लिहिले : हिरोता, शिगेमित्सू, तोगो, किडो आणि सेनापती हाता. उलट शिमादा, ओका आणि सातो यांना बहुमताने जन्मठेप दिली असताना रोलिंग यांना मृत्युदंड योग्य वाटला. ही दुसरी बाजू त्यांचे भक्त सांगत नाहीत. दयाळू न्यायाधीश असे त्यांचे चित्र रंगवणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

हिरोता यांचे प्रकरण मुळातून वाचण्यासारखे आहे. फाशी गेलेल्या सातांत बिगर-लष्करी असे ते एकटेच. नानकिंगची कत्तल झाली तेव्हा, १९३७-३८ मध्ये, ते परराष्ट्रमंत्री होते. वार्ता त्यांच्यापर्यंत आल्या, त्यांनी लष्कराकडे तक्रार केली, आश्वासन मिळाले, कत्तल चालूच राहिली. बहुमत म्हणाले, अधिक नेट लावायला हवा होता. रोलिंग यांनी तीन गोष्टी तपासल्या. माणसाला घडत असलेले ठाऊक होते का, ते थांबवण्याची शक्ती त्याच्यात होती का, आणि थांबवणे हे त्याचे कर्तव्य होते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले तरच दोष. वर्गात गोंधळ झाला म्हणून मॉनिटरला छडी मारणाऱ्या मास्तराने हे तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. रणांगणावरील सेना मंत्र्याच्या हुकमात नव्हती, सबब हिरोता निर्दोष, असा रोलिंग यांचा निष्कर्ष. २३ डिसेंबर १९४८ रोजी हिरोता फासावर गेले. सात वर्षांची शिक्षा झालेले शिगेमित्सू मात्र १९५० मध्ये बाहेर आले, पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले आणि १९५६ मध्ये जपानला सदस्यत्व मिळाले तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनीच भाषण केले.

इथवर रोलिंग पटतात. पुढचा मुद्दा मला पटत नाही. आक्रमक युद्ध हा गुन्हा नव्हता, तर त्या आरोपाखाली कोणाला शिक्षा कशी? रोलिंग यांचे उत्तर असे : राजकीय गुन्ह्यात कधी कधी दोषापेक्षा धोका महत्त्वाचा असतो. तो माणूस दुष्ट म्हणून नव्हे, शत्रू म्हणून बंदिस्त ठेवायचा. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवले, तसे काहीसे. मात्र अशा आरोपावर फाशी देऊ नये. युक्तिवाद कुशल आहे यात शंका नाही. पण तो आला कोठून? माझ्या मते थेट त्यांच्या १९३३ च्या विषयातून. सराईत गुन्हेगाराला केलेल्या गुन्ह्यापुरती शिक्षा पुरत नाही, समाजाच्या सुरक्षिततेसाठी त्याला अधिक काळ अडकवून ठेवावे, हा त्या कायद्यांचा गाभा. तरुण गुन्हेगारीशास्त्रज्ञाने अभ्यासलेले हत्यार प्रौढ न्यायाधीशाच्या हाती टोकियोत पुन्हा आले.

या हत्याराची धार आपल्या भागाला परकी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केले हे न विचारता तो कोणत्या जमातीत जन्मला हे विचारले. सोलापूरची, हुबळीची सेटलमेंट ही त्याचीच फळे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला असे कोण म्हणेल? रोलिंग यांच्या मनात अर्थातच असे काही नव्हते. ते मोजक्या सत्ताधाऱ्यांबद्दल बोलत होते, भटक्या गरिबांबद्दल नव्हे. पण ‘गुन्हा नाही, धोका आहे, म्हणून कोंडा’ हे तत्त्व एकदा न्यायासनावरून उच्चारले की ते कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नसतो. कासेसे यांनी हा मुद्दा अधिक ताणायला हवा होता.

वसाहतींचा प्रश्न तर याहून अवघड. जपानने आशियातील मुलूख बळकावले म्हणून खटला, आणि न्यायासनावर ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड! पालांनी यावर बोट ठेवले. रोलिंग यांच्या १९४८ च्या निकालात हा काटा तितका सलत नाही. फाशीच्या चारच दिवस आधी, १९ डिसेंबरला, डच फौजा योग्यकार्तावर चालून गेल्या होत्या. डच सरकार त्याला ‘पोलिसी कारवाई’ म्हणे. हैदराबादकडच्या वाचकांना हा शब्द त्याच सालातला म्हणून ओळखीचा वाटेल. साम्य अर्थात शब्दापुरतेच. नेहरूंनी जानेवारी १९४९ मध्ये इंडोनेशियासाठी दिल्लीत परिषद बोलावली ती या हल्ल्यावरूनच.

रोलिंग यांनी हा हिशेब पुढे चुकता केला. पश्चिम न्यू गिनी सोडायला हॉलंड तयार नव्हते. रोलिंग यांनी त्या धोरणाला उघड विरोध केला आणि संयुक्त राष्ट्रसंघातील डच शिष्टमंडळातली जागा गमावली. १९६० मध्ये त्यांनी ‘विस्तारलेल्या जगातला आंतरराष्ट्रीय कायदा’ या विषयावर ग्रंथ लिहिला. युरोपच्या मूठभर राष्ट्रांनी आपापसांत घडवलेला कायदा नव्या राष्ट्रांवर जसाच्या तसा लादता येणार नाही, असा त्याचा रोख. टोकियोत पालांशेजारी बसल्याशिवाय उत्रेख्तच्या या प्राध्यापकाने तो लिहिला असता का, मला शंका आहे.

ग्रोनिंगेनला प्राध्यापक असताना त्यांनी १९६२ मध्ये युद्धाच्या अभ्यासाची संस्था काढली. काही जण याला विषयांतर समजतात. मला ते तसे वाटत नाही. गुन्हा का घडतो हे विचारणारा माणूस युद्ध का घडते हे विचारू लागला, एवढाच फरक.

आता पुस्तकाची उणीव. जवळजवळ तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणी आहेत, आणि त्यांत बोलणारा बहुधा शहाणाच निघतो. कासेसे आदरापोटी फारसे अडवत नाहीत. तरीही काही ठिकाणी रोलिंग स्वतःला सोडत नाहीत. जपानी विद्यार्थी त्यांना भेटले की पहिला प्रश्न विचारीत : तुम्ही आमची शहरे जाळलीत, हिरोशिमा-नागासाकी भस्म केलेत, आता आमच्या नेत्यांचा न्याय करण्याचा नैतिक अधिकार तुम्हाला आहे काय? त्याचे सोपे उत्तर रोलिंग देत नाहीत. मांचुरियातील युनिट ७३१ मध्ये जिवंत कैद्यांवर जंतूंचे प्रयोग झाले. त्यांची माहिती पदरात पाडून घेण्यासाठी अमेरिकेने प्रकरण दडपले. खुद्द न्यायाधीशांनाही थांगपत्ता नव्हता. १९८० नंतर हे उजेडात आले तेव्हा वृद्ध रोलिंग यांनी कडवटपणे लिहिले.

पालांचे स्मारक २००५ मध्ये टोकियोच्या यासुकुनी देवालयात उभे राहिले. २००७ मध्ये पंतप्रधान आबे यांनी आपल्या संसदेत त्यांचा गौरवाने उल्लेख केला. रोलिंग यांचा निकाल कोणत्याच गटाच्या पुरता कामाचा नाही, म्हणून त्यांच्या वाट्याला असे काही आले नाही. इतर भिन्नमतांप्रमाणे तोही न्यायालयात वाचला गेला नव्हता. पुस्तकरूपाने वाचकांपुढे आला तो १९७७ मध्ये, रोलिंग आणि रूटर यांनी संपादलेल्या संग्रहात. तो संग्रह जाडजूड आहे, वकिलांसाठी ठीक. इतरांनी संभाषणाचे पुस्तक घ्यावे. इंग्रजी बोलके आहे, बारावीच्या मुलालाही झेपेल. हिरोतावरची चर्चा आधी वाचावी आणि मग बाकीचे.