'परिवर्तनमान' आणि 'काठिण्य' : एका संज्ञेची परीक्षा

दाताच्या पोकळीत भरलेले संमिश्र द्रव्य निळ्या प्रकाशाखाली काही सेकंदांत घट्ट होते. ते कितपत घट्ट झाले हे अवरक्त वर्णपटाने मोजता येते, असे विधान दंतद्रव्यविषयक लेखनात वारंवार आढळते. ते सोयीचे असले तरी यथार्थ नव्हे. वर्णपटास काठिण्य दिसत नाही. त्यास दिसतात ते रासायनिक बंध.

राफेल बोवेन यांना १९६२ साली ज्याचे अमेरिकी एकस्व मिळाले, त्या बिस-जीएमए या द्रव्याच्या रेणूस दोन्ही टोकांशी कार्बनचा एकेक द्विबंध असतो. प्रकाशाने प्रक्रिया सुरू झाली म्हणजे हे द्विबंध उघडून रेणू परस्परांत गुंफले जातात आणि दर सेंटिमीटरला १६३८ तरंगांच्या आसपासचे शोषण घटते. १६०८ जवळचे, रेणूतील वलयाचे शोषण मात्र तसेच राहते. या दोहोंचे प्रकाश देण्यापूर्वीचे व नंतरचे गुणोत्तर ताडून किती द्विबंध खर्ची पडले ते काढतात. हेच 'परिवर्तनमान'. ते बहुधा ५० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान येते.

येथे शब्द वाचकास फसवितो. परिवर्तनमान ६० टक्के म्हटले की उरलेले ४० टक्के द्रव्य कच्चेच राहिले व ते रुग्णाच्या तोंडात झिरपणार, असा अर्थ सहज घेतला जातो. वस्तुतः उरले ते द्विबंध, रेणू नव्हेत. ज्याचे एक टोक गुंतले तो रेणू जाळ्यात बांधला गेलाच. दोन्ही टोके परस्परनिरपेक्षपणे गुंततात असे क्षणभर गृहीत धरल्यास अगदी सुटे राहणारे रेणू शेकडा १६ च भरतात. ४० आणि १६ यांतील अंतर हा शब्दच्छल नव्हे. भरण कितपत निर्धोक आहे याविषयीचे मत त्यावर अवलंबून असते.

काठिण्याची गोष्ट आणखी निराळी. एकाच रेझिनात परिवर्तन वाढेल तसे काठिण्य वाढते, परंतु भिन्न रेझिनांचे काठिण्य परिवर्तनाच्या आकड्यावरून वर्तविता येत नाही, हे फेरॅकेन यांनी १९८५ सालीच दाखविले. असे असता या दोन संज्ञा एकमेकींच्या जागी योजणे हा निष्काळजीपणाच होय. 'द्विबंध-परिवर्तन' हा शब्द कानास जड खरा, पण काय मोजले ते तरी तो सांगतो. शिवाय युडीएमएसारख्या वलयहीन रेणूंच्या बाबतीत १६०८ चा आधारच नसतो. तेथे दुसरे एखादे शोषण प्रमाण मानावे लागते, आणि ते कोणते हे न सांगता दिलेला टक्का तुलनेस निरुपयोगी ठरतो.