घरचा पेला आणि ‘एकच प्याला’

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. ते प्रचारकी आहे, सिंधूची सोशिकता आणि सुधाकराचा अधःपात दोन्ही अतिरंजित आहेत, हा आक्षेप जुनाच. आम्हीही पुष्कळ वर्षे आक्षेपकांच्याच पंक्तीस बसत होतो. उटनूरच्या एका स्नेह्यांकडे घालविलेल्या संध्याकाळीने ते मत ढळले.

गृहस्थ मोठे हौशी. मार्टिनी नामक मिश्र मद्य ते स्वहस्ते सिद्ध करतात. पेले आधीच गार करून ठेवलेले. ६० मिलिलिटर जिन, १० मिलिलिटर व्हर्मूथ, भरपूर बर्फ; लांब दांड्याच्या चमच्याने सावकाश ढवळून, गाळून पेल्यात ओतावयाचे आणि वर लिंबाच्या सालीचा एक पीळ. ढवळण्याऐवजी खळखळून हलविले तर पेय गढूळ होते, हेही त्यांनी सांगितले. हात एखाद्या पुजाऱ्यासारखा स्थिर! पेला पुढे करून म्हणाले, “वकीलसाहेब, एकच.” आम्ही घेत नाही, सरबतावर निभावून नेले.

परंतु व्याख्या तपासल्यावाचून आमच्या धंद्यातल्या माणसास चैन पडत नाही. आपल्याकडचा लहान पेग ३० मिलिलिटरचा. म्हणजे त्या नाजूक पेल्यातल्या ‘एका’त जिनचेच दोन पेग झाले, व्हर्मूथ वेगळीच. बर्फाचे पाणी उतरते ते केवळ घशाची आग शमविण्यापुरते. पोटात जाणारे मद्य त्याने कमी होत नाही. गडकऱ्यांच्या नावातला सारा दंश त्या ‘च’मध्ये आहे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

सुधाकरही वकीलच. मुन्सफाशी खटका उडून सनदेवर गदा येते, आणि त्या उद्विग्न मनःस्थितीत त्याच्या हाती पहिला प्याला देतो तो कोणी अनोळखी गुत्तेवाला नव्हे, तर नित्य सोबत वावरणारा तळीराम. गुत्तेवाला पैसे मागतो, वेळ झाली की दार लावतो. घरचा यजमान आग्रह करतो! पंगतीत जिलबी वाढावी तसा. आपल्या आतिथ्याचा हा सद्गुण मद्याच्या पेल्याशी जुळला की त्यास थांबविणारे कोणी उरत नाही. तळीरामाच्या विनोदाने नाटकाचे गांभीर्य उणावते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याच बैठकीत जाऊन बसतो.

उटनूरभोवतीच्या गोंडांत मोहाची दारू आहेच. हैमेनडॉर्फ यांनी १९४० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला. तेथे दारू आधी देवास व पितरांस अर्पण होते, मग माणसांस. आपल्या तीर्थालाही पळीचे माप असते. मोहाने संसार बुडत नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही; पण तेथे पिण्याला निदान सणाचे निमित्त लागते. मार्टिनीस सूर्यास्त पुरतो.

नाटकाच्या अखेरीस सुधाकर विषमिश्रित प्याला स्वतःच ओठी लावतो. त्याचे मूल तोवर गेलेले असते. आमच्या यजमानांचा सातवीतला मुलगा त्या संध्याकाळी बर्फ आणून देत होता. निघताना पाहिले, तिसऱ्या पेल्यासाठी लिंबाची साल तोच सोलीत होता. फार सुबक सोलीत होता.