हिरव्या पुस्तकानंतर

डिसेंबरात इंग्लंडमधल्या एखाद्या साध्याशा चर्चचा क्वायर, म्हणजे गायकवृंद, तालमीला बसला, की त्यांच्या मांडीवर बहुधा एक हिरवं पुस्तक उघडलेलं असतं. कडा झिजलेल्या, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे घ्यायचा नाही. 'कॅरोल्स फॉर क्वायर्स'. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं ते १९६१ साली काढलं. संपादक रेजिनाल्ड जॅक्स आणि डेव्हिड विलकॉक्स. आत पन्नास कॅरोल्स, म्हणजे नाताळगीतं. पुढे नारिंगी आणि निळे खंडही निघाले, १९७०च्या दुसऱ्या खंडापासून जॉन रटर संपादनात आले. पण सहा दशकं उलटली तरी नाताळचं इंग्रजी वृंदगायन त्या पहिल्या हिरव्या पुस्तकाच्या मुठीतून पुरतं सुटलेलं नाही.

असं का व्हावं? नव्या रचना होत नाहीत म्हणून नक्कीच नाही. धार्मिक वृंदसंगीत इंग्लंडमध्ये आज लिहिलं जातंय तितकं क्वचितच कधी लिहिलं गेलं असेल, आणि कॅथीड्रलमधले क्वायर गातातही उत्तम. दुखणं वेगळंच आहे. वरच्या दहा-वीस क्वायरसाठी अवघड आणि देखणं संगीत तयार होतं, खालच्या थरासाठी गोडगोड माल छापला जातो, आणि मधला थर हळूहळू रिकामा होत चालला आहे. मधला थर म्हणजे ज्यांच्याकडे बारा-पंधरा आवाज आहेत, त्यातले पुरुष तीन-चार, आठवड्याला एक तालीम, आणि तरीही ज्यांना खरं काहीतरी गायचं असतं, असे क्वायर. कलेची तब्येत तपासायची तर नाडी तिथली बघावी लागते.

हिरव्या पुस्तकामागे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज आहे. २४ डिसेंबर १९१८ रोजी, महायुद्ध थांबून दीड महिना होत असताना, तिथले नवे डीन एरिक मिल्नर-व्हाइट यांनी कॉलेजच्या चॅपलमध्ये नऊ बायबलपाठ आणि त्यांच्या मधेमधे कॅरोल्स अशी उपासना योजली. स्वतः ते लष्करी धर्मगुरू म्हणून आघाडीवर राहून आलेले होते. आराखडा त्यांचा नव्हे. १८८०च्या नाताळच्या आदल्या रात्री ट्रुरो इथे बिशप एडवर्ड बेन्सन यांनी तो वापरला होता, तोही कॅथीड्रलचं बांधकाम चालू असल्यामुळे एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत. १९१९ मध्ये क्रम थोडा बदलला आणि 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी' सुरुवातीला आलं. पहिलं कडवं एकट्या मुलाच्या आवाजात, साथीशिवाय. कोणत्या मुलानं गायचं ते अगदी ऐनवेळी ठरतं, म्हणजे कुणाला रात्रभर धडकी भरायला नको. १९२८ मध्ये बीबीसीनं ही उपासना रेडिओवर ऐकवली आणि १९३० हे एक वर्ष सोडलं तर त्यानंतर दरवर्षी. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा उतरवून ठेवल्या होत्या, सुरक्षेसाठी कॉलेजचं नावही सांगायची सोय नव्हती. प्रसारण मात्र चुकलं नाही. तेव्हा ज्याला लोक शतकांची परंपरा समजतात ती जेमतेम रेडिओच्या वयाची आहे. मी तर म्हणेन, तिचं खरं देऊळ रेडिओच. जिथे थंडीत कुडकुडत रांग लावणारे काहीशे, तिथे घरी ऐकणारे लाखो, आणि त्या लाखोंमध्ये गावोगावचे ऑर्गनवादक. त्यांना जे कानावर पडलं तेच आपल्याकडे गावंसं वाटलं, आणि तेव्हा किंग्जचे संगीत दिग्दर्शक असलेल्या विलकॉक्स यांनी ते छापून हातात दिलं.

ते टिकलं का, हे कळायला 'ओ कम, ऑल यी फेथफुल'ची विलकॉक्स यांची मांडणी जवळून पाहावी. सहाव्या कडव्यापर्यंत सारं ओळखीचं. तिथे चर्चमधली सगळी मंडळी मूळ चाल गात असताना सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीचे आवाज, तिच्या वरून वेगळी ओळ घेतात. यालाच डेस्कांट म्हणतात. सातव्या कडव्यात क्वायरसुद्धा चार आवाज सोडून मंडळींबरोबर एकाच चालीत येतो आणि बदलतो तो फक्त ऑर्गन. चालीखालचे स्वरमेळ नव्यानं बांधलेले आहेत, आणि एका ठरावीक शब्दावर अपेक्षित सुखाच्या जागी असा एक कळ लावणारा, अधांतरी स्वरमेळ येतो की गाणाऱ्याच्या पायाखालची फळी सरकते. पुढच्याच क्षणी जमीन परत मिळते. गंमत अशी, की यात मंडळींना काहीच वेगळं करावं लागत नाही. गणपतीच्या आरतीला कुणी पुस्तक उघडत नाही, तसंच त्यांनी पाठ असलेलं गायचं. सगळी कारागिरी ऑर्गनवादकाच्या दहा बोटांत. क्वायरमध्ये सहा माणसं असली तरी हा प्रसंग घडतो.

पवित्र काय आणि ऐहिक काय, याबद्दल फार हळवं होण्याचंही कारण नाही. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग'ची चाल मेंडेल्सोहननं १८४० साली गुटेनबर्गच्या छपाईच्या चारशेव्या वर्षासाठी केली होती आणि ती धार्मिक शब्दांना कधीच शोभणार नाही असं त्याचं स्पष्ट मत होतं. १८५५ मध्ये विल्यम कमिंग्जनं चार्ल्स वेस्लीचे शब्द तिच्यावर बसवले. पीटर वॉरलॉकचं 'बेथलेहेम डाउन' १९२७चं. नाताळातल्या दारूसाठी पैसे हवे होते म्हणून त्यानं आणि कवी ब्रूस ब्लंटनं ते रचलं. इतकं खिन्न, इतकं भक्तिभावानं झुकलेलं नाताळगीत दुसरं क्वचितच सापडेल. चारही कडव्यांना तेच संगीत, त्यामुळे तालमीत एकदा बसवलं की बसलं. हर्बर्ट हॉवेल्सला 'अ स्पॉटलेस रोझ' सुचलं ते खिडकीतून मालगाडीच्या डब्यांची हलवाहलव बघताना.

किंग्जमध्ये दिग्दर्शक स्टीफन क्लिओबरी यांनी १९८३ पासून दरवर्षी एक नवं कॅरोल लिहून घ्यायला सुरुवात केली. २०१९ पर्यंत त्यांनी ते न चुकता चालवलं आणि त्यांच्यानंतर डॅनियल हाइड यांच्या काळातही ते चालू आहे. यादी बघितली तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली अर्धीअधिक संगीतकार मंडळी भेटतात: जूडिथ वीअर (१९८५), जॉन रटर (१९८७), आर्व्हो पॅर्त (१९९०), जेम्स मॅकमिलन, टॉमस आडेस, हॅरिसन बर्टविसल (२००३). एका चॅपलच्या छताखाली इतकं विविध संगीत दुसऱ्या कोणी घडवलं असेल असं वाटत नाही. क्लिओबरींचं हे ऋण मोठंच.

पण यातलं पुढे गेलं किती? पॅर्तचं 'बोगोरोदित्से द्येवो' जगभर गेलं. जेमतेम दीड मिनिटाचं, चर्च स्लाव्होनिक भाषेतलं. कुजबुजल्यासारखं झरझर सुरू होतं, मधे एकदा भरभरून उसळतं आणि पुन्हा कुजबुजीत विरून जातं. चार आवाज, साथ नाही, सुरांच्या उड्या माफक. वीअरचं 'इल्युमिनारे, जेरुसलेम' तयारीच्या क्वायरना पेलतं आणि गायलंही जातं. रटरचं 'व्हॉट स्वीटर म्युझिक' तर घरोघरी झालं. बर्टविसलचं 'द ग्लीम' मात्र मी कुठल्याही गावच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहिलेलं नाही, आणि पुढे दिसेल अशी आशाही नाही. ते वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. ते सोळा पोरांच्या, रोज तालीम करणाऱ्या क्वायरसाठी लिहिलेलं आहे, बस्स. अशी बरीच कामं एका दुपारी गायली जातात, वृत्तपत्रांत दोन ओळी येतात, आणि मग छापील प्रती कपाटात जातात.

अवघड म्हणजे कसदार आणि सोपं म्हणजे पातळ, हे समीकरण खोटं आहे हे जॉन टॅव्हनरच्या 'द लॅम्ब'नं दाखवून दिलं. ब्लेकच्या कवितेवरचं हे गाणं त्यानं १९८२ मध्ये तीन वर्षांच्या भाच्यासाठी एका दुपारीत लिहिलं. त्याच वर्षी ते किंग्जमध्ये गायलं गेलं. सुरुवातीला सोप्रानो एकट्या एक छोटी ओळ गातात. मग त्यांच्या खालच्या पट्टीच्या आल्टो त्यांच्याबरोबर येतात, पण आरशातल्यासारख्या: सोप्रानो जितक्या वर चढतील तितक्याच अंतरानं आल्टो खाली उतरतात. दोघींचा पहिला स्वर एकच, तिथून दोघी दोन दिशांना, आणि मधे जे स्वर एकमेकांना घासतात त्यांतून त्या कोवळ्या शब्दांखाली एक अस्वस्थता पसरते. पुढे चारही आवाज येतात तेव्हा स्वरमेळ साधे, ऐकणाऱ्याला हायसं वाटावं असे. नियम एकच आणि तो मुलालाही समजावा. हौशी क्वायरला सूर धरून ठेवायला कष्ट पडतात, पण वाट कळते. गेल्या अर्धशतकातलं मधल्या थरासाठीचं सर्वांत मोलाचं काम हेच, असं माझं मत.

याउलट जे खपतं ते दुसऱ्याच जातीचं. अमेरिकन मॉर्टन लॉरिडसनचं 'ओ माग्नुम मिस्तेरियुम' १९९४ मध्ये आलं, आणि त्यानंतर एक पूर्ण शैलीच बाजारात उतरली: संथ लय, साध्या स्वरमेळात शेजारचा एखादा जादा स्वर मिसळून केलेली चमक, वाक्याच्या शेवटी लांब विराम, म्हणजे घुमटात आवाज फिरत राहील. एरिक व्हिटेकरनं ती आणखी मऊ केली. २०१० मध्ये त्याच्या 'लक्स आरुम्क्वे'साठी घरोघरी बसलेल्या १८५ गायकांचे आवाज व्हिडिओत एकत्र केले गेले. लॉरिडसनचं मूळ काम सुंदरच आहे. त्याच्या नकलांना मात्र आता ऊत आलाय. या शैलीत पाप नाही, भय नाही, बाळांच्या कत्तलीचा हुकूम देणारा हेरोद राजा नाही. कॉव्हेंट्रीच्या मध्ययुगीन नाटकातलं अंगाईगीत आठवावं, ते मारल्या जाणार असलेल्या बाळांच्या आयांच्या तोंडी आहे. नाताळच्या कथेत तो रक्ताचा डाग आहेच, आणि नव्या गोड कॅरोल्सनी तो धुऊन काढला आहे.

रटर यांना याच गोडव्याबद्दल समीक्षक टोमणे मारत आले. मला तसं करवत नाही. त्यांचं 'शेफर्ड्स पाइप कॅरोल' विद्यार्थिदशेतलं आहे, तरी त्यातही आल्टोंना गाण्यासारखी ओळ आहे, बेसचा वेळ वाया जात नाही, टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीला, उगाच उंच नेऊन लटकवलेलं नाही. हा माणूस क्वायरमध्ये उभा राहून लिहितो. अनेक 'गंभीर' संगीतकार संगणकासमोर बसून लिहितात आणि ते लगेच ऐकू येतं.

टेनरचा विषय निघालाच आहे, तर गावच्या चर्चमध्ये टेनर मिळणं ही खरोखर अडचण आहे. सोप्रानो ढीगभर, आल्टो पुरेशा, टेनर दोन, त्यातला एक सर्दीनं घरी. कॅथीड्रलमध्ये चित्र बदललं, पण ते वरच्या आवाजांचं: १९९१ मध्ये सॉल्झबरीनं मुलींचा स्वतंत्र क्वायर सुरू केला, तेव्हा खूप नाकं मुरडली गेली, आज देशभरात मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली आहे आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजनं २०२२ पासून आपल्या प्रसिद्ध क्वायरची दारं मुली आणि स्त्रियांना उघडली. ही गेल्या शतकातली सर्वांत निरोगी सुधारणा. पण तिचा ओघ खाली गावापर्यंत पोचत नाही, कारण रोजच्या शिकवणीला लागणारा पैसा आणि शाळा कॅथीड्रलकडेच आहे. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या क्वायरना शिकवण्यासाठी सिडनी निकल्सन यांनी १९२७ मध्ये काढलेली संस्था, आजची रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक, हे काम करते. एकटीनं किती करणार? प्रकाशकांनी टेनर आणि बेस एकत्र करून 'पुरुष' अशी एकच ओळ लिहायला सुरुवात केली आहे. उपाय व्यवहारी आहे, पण त्यातलं बरंचसं संगीत तडजोडीसारखंच ऐकू येतं. तीन आवाजांत पूर्ण असणारं, चौथ्याची उणीव न जाणवणारं लेखन हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकवलं जात नाही.

आपल्याकडे या संगीताचे दोन रस्ते झाले. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे कूमी वाडिया यांनी अनेक दशकं चालवलेल्या परंज्योती अकॅडमी कोरसनं युरोपीय चार आवाजांची शिस्त इथे रुजवली. मराठी चर्चनं मात्र रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट धरली: अभंग, ओवी, भजनाची चाल, पेटी-तबला, सगळे एका सुरात. तिथे टेनरची वाट बघत कुणी थांबत नाही. टिळकांच्या भजनाला जबरदस्तीनं चार आवाज चिकटवण्याचे प्रयोग मी ऐकले आहेत. राग आणि स्वरमेळ दोन्ही अवघडून उभे राहतात.

इंग्लंडकडे परत येऊ. सगळी कला डिसेंबरात कोंडली गेली आहे, ही शेवटची आणि मोठी तक्रार. नाताळला जे क्वायर फुलतात ते उपवासकाळात ओस पडतात. जॉन स्टेनरनं १८८७ मध्ये लंडनच्या मेरिलबोन चर्चसाठी 'द क्रुसिफिक्शन' लिहिलं: दोन एकल गायक, ऑर्गन, साधा क्वायर आणि मंडळींनी उभं राहून गायची स्तोत्रं. संगीत काही ठिकाणी साखरेत घोळलेलं आहे, जाणकार त्यावर हसतात, आणि गुड फ्रायडेला ते अजूनही गावोगाव गायलं जातं, कारण त्या जागी दुसरं काही सहज मिळत नाही. मॅकमिलनची २००८ची 'सेंट जॉन पॅशन' थोर आहे. ती उभी करायला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा लागतो. लहानपणी किंग्जमध्ये गायलेल्या बॉब चिलकॉटनं वेल्स कॅथीड्रलसाठी २०१३ मध्ये येशूच्या मृत्यूच्या त्याच कथेवर लिहिलं तेव्हा आराखडा स्टेनरच्या धर्तीचाच ठेवला. मंडळींची स्तोत्रं आहेत, पण चाली नव्या. मोठा वाद्यवृंद नाही. क्वायरच्या ओळी हौशी माणसाला चार-सहा तालमींत येतील अशा. रोमन सुभेदार पिलातासमोरच्या जमावाचे तुकडे त्यात आखूड आणि टोकदार आहेत, साखर नाही. मार्चमध्ये पंधरा आवाजांच्या क्वायरनं काय हाती घ्यावं असं कुणी विचारलं, तर सध्या मी हेच नाव सांगतो. दुसरं नाव सांगायला मला थोडा वेळ लागतो.