नांतच्या बाटल्या

इतिहासातल्या काही गोष्टी इतक्या चटकदार असतात, की चव घेण्यापलीकडे त्यांच्यात कोणी शिरतच नाही. शाहूमहाराजांच्या कारकीर्दीतली अशीच एक गोष्ट आहे. 1740 साली साताऱ्याहून आज्ञा झाली आणि नागपूरकर रघूजी भोसले व अक्कलकोटचे फत्तेसिंग भोसले कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या घाटात नवाब दोस्तअली पडला. मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली हाती आली, आणि तेथे अंमल करणारा चंदासाहेब कैद होऊन पुढे साताऱ्यास आला. त्याचा कबिला मात्र पाँडिचेरीस फ्रेंचांच्या आश्रयाला जाऊन राहिला होता. रघूजींनी खंडणी मागितली, आश्रित मागितले. गव्हर्नर द्यूमाने दोहोंस नकार दिला. मात्र वकिलासोबत नांत शहरच्या गोड मद्याच्या काही बाटल्या नजर केल्या. त्या छावणीतल्या बाईसाहेबांना फार आवडल्या, आणखी मागविल्या गेल्या, आणि पाँडिचेरीवरचे संकट टळले!

मॅलेसनसाहेबाने 1868 सालच्या आपल्या इतिहासात ही आख्यायिका रंगवून सांगितली आहे. आपल्याकडे ती ऐकून कोणी हसतो, कोणी मराठ्यांच्या अब्रूला बट्टा लागला म्हणून चिडतो. माझी तक्रार दोघांविषयीही आहे. दोघेही बाटलीच्या बुचापाशीच थांबतात. पाँडिचेरीला तटबंदी होती, तटावर तोफा होत्या, आणि रघूजींचे डोळे बंगालकडे लागलेले होते. एवढी कारणे समोर असता एका स्त्रीच्या जिभेवर मोहिमेचा निकाल टाकणे, हा इतिहास नव्हे आणि चांगली कादंबरीही नव्हे.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला दुसराच प्रश्न पडतो. त्या बाटल्या आल्या कोठून?

नांत हे लुआर नदीवरचे फ्रान्सचे बंदर. अठराव्या शतकात फ्रान्समधून गुलामांच्या व्यापारासाठी जितक्या सफरी निघाल्या, त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के या एका बंदरातून निघाल्या. जहाज माल भरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाई. तेथे त्या मालाच्या बदल्यात माणसे घेई. ती माणसे सेंट-डोमिंगसारख्या बेटांवर विकी. आणि साखर, कॉफी लादून घरी परते. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. आफ्रिकेला जाणाऱ्या त्या मालात हिंदुस्थानी सुती कापडाला मोठा मान होता, आणि त्यातले पुष्कळसे पाँडिचेरीच्या बाजूचे होते. कोरोमंडलचा विणकर मागावर बसून जे ठाण विणी, त्याच्या मोलाने दुसऱ्या गोलार्धात कोणाची तरी मान जोखडात जाई. विणकराला याची गंधवार्ता नव्हती. छावणीत पेला उचलणाऱ्यांनाही नव्हती. खुद्द द्यूमासाहेब पाँडिचेरीला येण्यापूर्वी बूर्बों बेटाचा कारभारी होता, आणि तेथले कॉफीचे मळे गुलामांच्याच घामावर उभे होते.

हे सारे दिसू शकते, याला पुरावा आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळे याने 1736 पासून 1761 मध्ये मरेपर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. मद्रास सरकारने 1904 ते 1928 या काळात तिचे बारा खंड इंग्रजीत छापले. पिळ्ळे काही साधुपुरुष नव्हता. मानापानाला हपापलेला, पक्का व्यापारी माणूस. पण कापडाचे व्यवहार, दरबारातली कुजबूज, जहाजांची ये-जा, सारे तो एकाच शाईने लिहितो. 1743 सालच्या नोंदींत गोरगरिबांना फसवून, पळवून गुलाम म्हणून विकणाऱ्यांची हकीकत येते. ती वाचल्यावर नांतच्या बाटलीची गंमत घशाखाली उतरत नाही. आख्यायिका रचणारा नेमके जे वगळतो, ते रोजनिशीकार सहज टिपून जातो.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेने हाच धडा आम्हां लेखकांना घालून दिला आहे. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातली पत्रे निवडून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. त्या पत्रांत लढाई आहे तसाच खर्च आहे, पराक्रम आहे तसेच कर्जही आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने त्यांतून तलवार तेवढी उचलली. हिशेब तिथेच ठेवला. फ्रेंच माणूस तिच्यात येतो तो कवाईत शिकवायला किंवा पेला भरायला. तो मुळात माल विकत घ्यायला आला होता, हे ती विसरून जाते.

हे उकरायचे कशाला, आणि तेही सणासुदीला, असे कोणी वाचक विचारील. त्याचे कारण सणातच आहे. करंज्यांत, लाडवांत साखर पडते त्याच सुमारास आमच्या सातारा-सांगलीकडच्या कारखान्यांचे गाळप सुरू होते, आणि बीडकडच्या ऊसतोड्यांच्या गाड्या फडाकडे लागतात. हे मजूर गुलाम नव्हेत. तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आणि सेंट-डोमिंगमध्ये चाबकाखाली मेलेल्यांवर त्याहून मोठा. 1791 मध्ये तेथल्या गुलामांनी बंड केले, आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाले, ते अपार रक्त सांडून. पण गोडाची वस्तू कोणाच्या हातून आली, हे न पुसण्याची सवय तेव्हाची आणि आताची एकच आहे.

नांत शहराने 2012 साली आपल्या नदीकाठी गुलामगिरीच्या निर्मूलनाचे स्मारक उभारले. ज्यांनी बाटल्या भरल्या त्यांनी आपला हिशेब उघडला. ज्यांच्या छावणीत त्या रिकाम्या झाल्या, त्यांच्या कादंबरीकारांनी तो निदान वाचून तरी पाहावा.