काच काढली म्हणजे चौकट जाते का? मोटरसायकल, रस्ता आणि दोन पुस्तकं



पेट आणि नेटचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. "ताई, आपल्याला जे मनापासून आवडतं त्यावरच पीएचडी करावी का?" कुणाला ट्रेकिंगवर करायची असते, कुणाला खाद्यसंस्कृतीवर, कुणाला बाइक टूरिंगवर. माझं उत्तर "हो, पण" असं असतं. त्यातल्या "पण"बद्दल आज लिहिते आहे, कारण तो मला फार महागात पडला होता.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता "निसर्गरम्य घाटरस्ते आणि मोटरसायकल पर्यटनाचे आकर्षण". मी स्वतः १५० सीसीची गाडी घेऊन ताम्हिणी, आंबोली, वरंध असे घाट पालथे घातलेले. त्यामुळे विषय हातचाच वाटत होता. प्रश्नावलीसुद्धा तयार होती. हा रस्ता तुम्हाला का आवडतो? वळणं, दऱ्या, धबधबे की कमी गर्दी? प्रेझेंटेशन संपल्यावर समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "निसर्गरम्य हे तुमचं निरीक्षण आहे की गृहीतक?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस परत आला.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी दोन अमेरिकन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली. एक प्रवासाचं, एक इतिहासाचं. दोन्ही एकमेकांसमोर ठेवल्यावर मॅडमचा प्रश्न मला खऱ्या अर्थाने कळला. तुम्हीही ती जोडीनेच वाचा. एकेकटं वाचलं तर दोन्ही थोडी फसवतात.

पहिलं पुस्तक बहुतेकांना नावाने तरी माहीत असतं. रॉबर्ट पर्सिग यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', १९७४ सालचं. लेखक १९६८ मध्ये आपल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाकडे निघाला, त्या प्रवासाभोवती सगळं पुस्तक रचलेलं आहे. सुरुवातीच्याच पानांत तो गाडी आणि मोटरसायकल यांतला फरक सांगतो. कारमध्ये बसलात की खिडकीच्या चौकटीतून बाहेरचं बघता, टीव्ही बघितल्यासारखं. मोटरसायकलवर ती चौकट नसते. तुम्ही दृश्याच्या समोर बसलेले नसता, त्याच्या आतच असता.

खरं सांगते, हे वाचताना मला वाटलं, माझ्या मनातलंच कुणीतरी लिहून ठेवलंय. ज्यांनी जुलैच्या पावसात घाट चढलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ओल्या मातीचा वास येतो, वळण घेताना गाडीबरोबर अंग कलतं, ढगात शिरल्यावर हेल्मेटची काच धुरकटते. पर्सिगची निरीक्षणशक्ती इथे जबरदस्त आहे. रस्ता निवडण्याबद्दलही तो नेमकं लिहितो. हायवे टाळायचा, नकाशात जी रेघ वळत वळत जाते ती धरायची, वेळ लागला तर लागू दे. जगभरचे रायडर आजही साधारण याच निकषावर रस्ता निवडतात. अमेरिकेत डील्स गॅपजवळच्या रस्त्याची ख्याती तर केवळ आकड्यावर उभी आहे. ११ मैलांत ३१८ वळणं!

पण संशोधक म्हणून वाचताना थोडं थांबायला हवं. पर्सिगची मंडळी माँटाना राज्यात रेड लॉज गावाहून वर डोंगरात चढतात आणि पलीकडे यलोस्टोनच्या दिशेने उतरतात. तो रस्ता म्हणजे बेअरटूथ हायवे. खिंड जवळजवळ ११,००० फुटांवर आहे. बर्फामुळे वर्षातले कितीतरी महिने हा रस्ता बंदच असतो. आता गंमत बघा. हा रस्ता कुठल्या जुन्या पायवाटेचा सहज मोठा झालेला नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांकडे जाणाऱ्या रस्त्यांसाठी एक कायदा झाला. त्या कायद्याखाली सरकारी पैशातून हा रस्ता बांधला आणि १९३६ मध्ये खुला केला. म्हणजे पर्यटकाने उद्यानाकडे कुठून आणि कसं जायचं, हे आधीच ठरलेलं होतं. काच नसलेला आपला रायडर सरकारने आखलेल्या चौकटीतूनच चालला होता! पुस्तकाचं लक्ष तिकडे नाही. लेखकाला गुणवत्तेबद्दल, यंत्राबद्दल, स्वतःच्या मोडलेल्या मनाबद्दल बोलायचं आहे, आणि ते तो उत्तम बोलतो. रस्ता त्याच्यासाठी फक्त दिलेला आहे, आकाशासारखा.

माझी चूक अगदी हीच होती.

दुसरं पुस्तक याच जागी बोट ठेवतं. इतिहासकार अॅन मिचेल व्हिस्नंट यांचं 'सुपर-सीनिक मोटरवे', २००६ सालचं. विषय ब्लू रिज पार्कवे. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांतून डोंगरधारेवरून जाणारा ४६९ मैलांचा रस्ता, एका टोकाला शेनान्डोआ आणि दुसऱ्या टोकाला ग्रेट स्मोकी माउंटन्स ही राष्ट्रीय उद्यानं. मोटरसायकलवाल्यांच्या आवडत्या रस्त्यांत त्याचं नाव हमखास असतं. या रस्त्यावर ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ४५ मैल. काम १९३५ मध्ये सुरू झालं आणि शेवटचा तुकडा पूर्ण व्हायला १९८७ उजाडलं.

सर्वसाधारण समज असा की मंदीच्या काळात सरकारने लोकांना काम दिलं आणि सगळ्यांच्या भल्यासाठी सुंदर रस्ता झाला. व्हिस्नंट दप्तरं, पत्रव्यवहार, नकाशे उपसून हा समज तपासतात. पहिला झगडा मार्गाचाच. रस्ता टेनेसीतून न्यायचा की नॉर्थ कॅरोलायनातून? दोन राज्यांत रस्सीखेच झाली आणि १९३४ मध्ये मंत्री हॅरल्ड इक्स यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूने कौल दिला. पुढे चेरोकी लोकांच्या जमिनीचा प्रश्न आला. मूळ आखणी त्यांच्या सोको खोऱ्यातल्या चांगल्या शेतजमिनीतून जात होती. त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि शेवटी रस्ता खोरं सोडून डोंगरधारेवर गेला. आज रायडर तिथे "काय व्ह्यू आहे!" म्हणून थांबतो. तो व्ह्यू काही अंशी त्या विरोधाची देणगी आहे, हे सांगणारी पाटी मात्र डोळ्यांना दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो एका तुलनेचा भाग. लिटल स्वित्झर्लंड नावाची वसाहत ज्यांनी वसवली ते गृहस्थ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्यांनी भांडून आपल्या हद्दीत रस्त्याची पट्टी अरुंद करून घेतली, शिवाय रस्त्यावर थेट उतरण्याची वाटही मिळवली. साध्या शेतकऱ्याला हे जमलं नाही. त्याची जमीन गेली आणि वर त्याच रस्त्यावर स्वतःच्या शेतातून चढायचा हक्कही राहिला नाही. "रस्त्यामुळे लोकांचा फायदा झाला" या वाक्यातले लोक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न व्हिस्नंट कुठेही आवाज न चढवता, निव्वळ कागद समोर ठेवून विचारतात. समीक्षात्मक लेखन म्हणजे जोरात बोलणं नव्हे, हे इथून उचला.

दृश्यसुद्धा घडवलेलं आहे. मेब्री मिल ही या रस्त्यावरची जुनी पाणचक्की, फोटोसाठी प्रसिद्ध. तिच्या मालकांचं फळ्यांचं नीटनेटकं घर तिथून हलवलं गेलं आणि दुसरीकडून ओंडक्यांची झोपडी आणून बसवली, कारण डोंगरातलं जुनं जीवन म्हणून पर्यटकाला तीच पटणार होती. काच नसली तरी चौकट असते, ती अशी.

आता पुस्तकाची उणी बाजू. रस्ता कसा झाला हे यात भरभक्कम आहे, पण त्यावरून जाणाऱ्याला काय होतं हे जवळजवळ नाही. दप्तरात जमीनमालक आहे, अभियंता आहे, राजकारणी आहे. रायडर नाही, कारण रायडर सरकारला पत्र लिहीत नाही. त्यामुळे पुस्तक संपताना एक धोका उरतो. वाचकाला वाटू शकतं की आकर्षण हा निव्वळ भुलावा आहे. तसं नाही. वळणावर जे अंगावर येतं ते खरंच येतं. ते बनवलेलं आहे हे कळलं म्हणून खोटं ठरत नाही. पर्सिगकडे अनुभव आहे पण रस्त्याला इतिहास नाही. व्हिस्नंटकडे इतिहास आहे पण रस्त्यावर गाडी नाही. संशोधनाचा प्रश्न या दोन रिकाम्या जागांच्या मध्ये सापडतो.

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं. पण त्या वर्षी मे महिन्यात मामाकडे गेले. कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. मोबाइलवर त्याला माझ्या राइडचे फोटो दाखवत होते. एक फोटो माझा फार लाडका. रुंद केलेला रस्ता, गुळगुळीत डांबर, लांबलचक वळण आणि मागे सह्याद्रीची भिंत. मामाने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "इथं आपला रातांबा होता गो." रुंदीकरणात त्याची पट्टी गेली होती, हे मला माहीत होतं. पैसे किती उशिरा मिळाले हेही ऐकलं होतं. पण माझं आवडतं वळण आणि मामाची गेलेली पट्टी ही एकच जागा आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत वळणं होती, दऱ्या होत्या, मामा नव्हता. चहा घेताना त्याने आणखी एक विचारलं, "पण गाडी मस्त वळते ना तिथं?" मी "हो" म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ही दोन वाक्यं एकत्र धरता येणं, हीच आता माझ्या थिसिसची खटपट आहे. नवा सिनॉप्सिस मान्य झाला. विषय निसर्गरम्य रस्त्यांचा नाही, रस्ता निसर्गरम्य ठरतो कसा याचा आहे. बदल चार शब्दांचा दिसतो, पण सगळी पद्धत बदलली. मुलाखती आता रायडरच्याही आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्याही. शिवाय कागदपत्रं. आपले घाट मुळात व्ह्यूसाठी नव्हतेच. नाणेघाटात आजही जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण उभा आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला तो मुंबई आणि देश जोडायला, सेल्फी पॉइंटसाठी नाही. मग मालवाहू घाट हा बघायचा घाट कधी झाला? कुणी केला? कुणाच्या सोयीने? आता प्रश्न विचारता येतो, कारण "रम्य" हा शब्द उत्तराच्या जागेवरून उठवून प्रश्नाच्या जागेवर बसवला.

तुमच्या आवडीच्या विषयावर एकदा असं करून बघा. एका कागदावर लिहा की ती गोष्ट तुम्हाला का आवडते. त्यातलं प्रत्येक विशेषण अधोरेखित करा. मग प्रत्येकासमोर लिहा, हे असं कुणी केलं आणि ते करताना तिथून काय हललं. ज्या विशेषणासमोर काहीच लिहिता येणार नाही, तिथेच तुमचं काम आहे. आवड मात्र खोडू नका. ती खोडून केलेलं संशोधन तीन वर्षं टिकत नाही, आणि ती न तपासता केलेलं पहिल्या प्रेझेंटेशनमध्येच पडतं. मी पडलेले आहे.

पुढच्या पोस्टमध्ये मुंबई इलाख्याची जुनी जिल्हा गॅझेटियरं कशी वाचायची ते बघू. व्यापाराच्या प्रकरणात घाटांची माहिती असते, ती आधी चाळून ठेवा.