'डॉक्टर हू'चे नवे पर्व आणि रसिकांचा कौल

एखादी नाट्यमालिका साठ वर्षांहून अधिक काळ लोकांच्या घरात वस्तीला राहिली, की तिचे प्रेक्षक हळूहळू तिचे दप्तरदार होतात. तिच्या वंशावळीची, तिच्या जुन्या करारमदारांची आणि तिच्यावर झालेल्या अन्यायांची नोंद ते स्वतःच्या हिमतीवर ठेवू लागतात, आणि प्रत्येक नव्या पर्वाने आपल्यापुढे रुजू होऊन आपला वारसा सिद्ध करावा अशी अपेक्षा बाळगू लागतात. बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकाल्पनिक मालिकेचे ताजे पर्व २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रक्षेपित झाले, आणि त्यावरून तिच्या चाहत्यांत जो मतसंघर्ष माजला तो समजून घ्यावयाचा तर ही दप्तरदारी कशी निर्माण झाली आणि ती कलेला कोठे तारक व कोठे मारक ठरली, याचा विचार आधी करावा लागतो.

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रक्षेपित झाला, आणि त्या दिवसांच्या धामधुमीत तो अनेकांच्या पाहण्यात आला नाही म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पुन्हा दाखवण्यात आला. तिच्या उभारणीस चालना देणारे नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट या तिशीही न गाठलेल्या आणि स्त्री निर्माती विरळाच दिसावी अशा खात्यात अधिकारपदी बसलेल्या. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले, वय अवघे चोवीस. रॉन ग्रेनर यांनी रचलेले शीर्षकसंगीत डेलिया डर्बिशर या विदुषीने ध्वनिफितीचे बारीक तुकडे कापून, जोडून आणि त्यांची गती बदलून असे काही सिद्ध केले, की ते ऐकताना कोणतेही ओळखीचे वाद्य डोळ्यांपुढे उभे राहत नाही. प्रस्थापित नाट्यव्यवहाराच्या दृष्टीने कमी-अधिक परक्या ठरलेल्या या माणसांनी कोणत्याही पूर्वसंचिताचा आधार न घेता जे निर्माण केले, त्याचीच पुढे परंपरा झाली, हे या साऱ्या वादात फार लवकर विसरले जाते.

परंपरेची खरी अडचण सुरू झाली ती १९६६ साली. प्रमुख नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यामुळे नायकाचा कायापालट होतो अशी तजवीज करण्यात आली आणि पॅट्रिक ट्राउटन हे त्याच डॉक्टरच्या भूमिकेत वेगळा चेहरा आणि वेगळा स्वभाव घेऊन उभे राहिले. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंनंतर 'नटसम्राट'मधील बेलवलकर अनेकांनी उभा केला आणि प्रत्येकाला लागूंच्या शेजारी उभे करून मोजण्यात आले. परंतु तेथे शिरवाडकरांची संहिता तरी अचल होती. येथे नट बदलतो, लेखक बदलतात, भाषेचा बाज आणि नीतीचा सूरही बदलतो, आणि तरीही हा मनुष्य तोच आहे असे प्रेक्षकाने मनोमन कबूल करावयाचे असते. अशा स्थितीत सातत्याची हमी देण्यास पाहणाऱ्याची स्मृतीच तेवढी उरते, आणि या मालिकेच्या बाबतीत ती स्मृती अक्षरशः उपयोगी पडली. साठोत्तर दशकातील नव्वदहून अधिक भागांचे चित्र आज उपलब्ध नाही, कारण फिती पुन्हा वापरता याव्यात किंवा जागा मोकळी व्हावी म्हणून संस्थेनेच ते भाग पुसले अथवा नष्ट केले. परंतु त्या हरवलेल्या भागांपैकी प्रत्येकाचा ध्वनी शिल्लक आहे, कारण त्या काळी काही प्रेक्षक संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून प्रत्येक शनिवारी तो टिपून ठेवत होते. संस्थेच्या दप्तरातून जे गहाळ झाले ते रसिकांच्या घरी सापडले. चाहत्यांच्या मताला या मालिकेत जो मान आहे, तो अशा रीतीने कमावलेला आहे.

पण दप्तर सांभाळणारा मनुष्य उत्तम न्यायाधीश असतोच असे नाही. १९७६ साली रॉबर्ट होम्स यांची 'द डेडली असॅसिन' ही कथा आली, जिच्यात डॉक्टरच्या ज्ञातिबांधवांचे, म्हणजे कालस्वामींचे, जग प्रथमच तपशिलाने दाखवले गेले, आणि ते देवतुल्य पुरुषांचे निघण्याऐवजी जरठ, मानपानात गुंतलेल्या, कटकारस्थानी मुत्सद्द्यांचे निघाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या चाहत्यांच्या संस्थेच्या अध्यक्षाने मालिकेची जादू संपली अशा आशयाची प्रखर टीका लिहिली; पुढे मात्र तीच कथा इतकी प्रमाणभूत ठरली, की नंतरच्या लेखकांनी तिच्या विरुद्ध काही लिहिले तर तो परंपरेचा भंग मानला जाऊ लागला. याहून उद्‌बोधक दाखला २००९ साली 'डॉक्टर हू मॅगझीन'ने घेतलेल्या कौलाचा आहे. तोपर्यंतच्या दोनशे कथांत वाचकांनी पहिले स्थान 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी'ला आणि शेवटचे 'द ट्विन डिलेमा'ला दिले; या दोन्ही कथा १९८४ च्या मार्च महिन्यात, एकाच पर्वात, एकाच निर्मात्याच्या कारकिर्दीत आणि एकीला लागून दुसरी अशा प्रक्षेपित झालेल्या आहेत. अमुक काळ सुवर्णयुगाचा आणि तमुक काळ अधःपाताचा, असे जे सरसकट निकाल चाहत्यांच्या बोलण्यात ऐकू येतात, त्यांची निरर्थकता त्यांच्याच कौलाने अशी उघड केली आहे.

१९८६ साली घडलेला एक प्रसंग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. त्या वर्षीच्या पर्वाची कैफियत मांडण्यासाठी चाहत्यांच्या संस्थेतील काही तरुण बी.बी.सी.च्याच एका कार्यक्रमात आले आणि पिप व जेन बेकर या लेखक दांपत्याच्या समक्ष त्यांनी त्या पर्वातील कथेच्या ठोकळेबाजपणाची तक्रार केली. त्यांतील एक सोळा वर्षांचा मुलगा क्रिस चिब्नल हा होता. २०१८ साली मालिकेचा संपूर्ण कारभार त्याच चिब्नल यांच्या हाती आला, आणि १ मार्च २०२० रोजी दाखवलेल्या 'द टाइमलेस चिल्ड्रन'मध्ये त्यांनी डॉक्टरच्या जन्मकथेचीच फेरमांडणी केली, तेव्हा त्यांना ज्या रोषाला तोंड द्यावे लागले तो त्यांनी स्वतः पौगंडात व्यक्त केलेल्या रोषाच्याच जातीचा, परंतु त्याहून कितीतरी तीव्र होता. डिसेंबर १९८९ मध्ये बंद पडलेली ही मालिका २६ मार्च २००५ रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून रसेल टी. डेव्हिस, स्टीव्हन मॉफट आणि चिब्नल या तिघांनीच ती चालवली आहे, आणि हे तिघेही लहानपणापासूनचे तिचे चाहते आहेत. फिर्यादी आणि प्रतिवादी अशा प्रकारे एकाच घराण्यातील झाले. तेव्हापासून चाहत्यांची मते मालिकेबाहेर उभी राहून केलेली टीका उरली नसून, तिच्या आत चालू असलेल्या भाऊबंदकीचे रूप त्यांना आले आहे.

डेव्हिस यांनी दुसऱ्यांदा सूत्रे हाती घेतली तेव्हा परिस्थितीही पालटलेली होती. ब्रिटन व आयर्लंडबाहेरच्या जगात मालिका डिस्नेमार्फत दाखवली जाऊ लागली, रवांडात जन्मलेले एन्क्युटी गाटवा हे डॉक्टर झाले, आणि २०२४ च्या पर्वाला पुन्हा पहिला क्रमांक देण्यात आला, जणू सारा हिशेब नव्याने मांडावयाचा होता. त्या पर्वातील दोन भाग या घोषणेला खरोखरच जागले. 'सेव्हन्टी-थ्री यार्ड्‌स'मध्ये वेल्सच्या कड्यावर डॉक्टर नाहीसा होतो आणि रुबी या तरुणीपासून नेहमी त्र्याहत्तर यार्डांवर एक वृद्ध स्त्री हातवारे करीत उभी राहते. तिच्याशी जो जाऊन बोलेल तो, प्रत्यक्ष रुबीची आईसुद्धा, भयभीत होऊन रुबीला कायमचा सोडून जातो. ती काय बोलते हे आपणांस अखेरपर्यंत सांगितले जात नाही. चाहत्यांपैकी पुष्कळांनी याचा खुलासा मिळालाच पाहिजे असा तगादा लावला. मला तो खुलासा न देण्यातच लेखकाचे धैर्य दिसते, कारण परित्यक्ततेच्या भीतीला कारण जोडून दिले की ती भीती राहत नाही. 'डॉट अँड बबल'मध्ये चेहऱ्याभोवती पडद्यांचे वर्तुळ घेऊन वावरणारी सुखवस्तू तरुण मंडळी अखेर डॉक्टरने देऊ केलेली सुटका नाकारतात, आणि ती केवळ त्याच्या कातडीच्या वर्णामुळे नाकारतात. डॉक्टर आधी अविश्वासाने हसतो आणि मग किंचाळतो, आणि आतापर्यंत आपण पाहिलेले सारे चेहरे गोरेच होते हे त्या क्षणी प्रेक्षकाच्या ध्यानी येते. या दोन्ही भागांना जुन्या दप्तराची गरज नव्हती. त्याच पर्वाचा शेवट मात्र १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'मधील सुतेख या खलदेवतेला, तोच गेब्रिएल वुल्फ यांचा आवाज देऊन, परत आणण्यात खर्ची पडला. जाणत्यांच्या अंगावर क्षणभर रोमांच उभे राहिले, आणि एवढ्या थोर संहारकर्त्याला दोरीने बांधून कालप्रवाहातून फरपटत नेण्यापलीकडे लेखकाला काही सुचले नाही.

२०२५ च्या पर्वात हाच अंतर्विरोध अधिक स्पष्ट झाला. 'लक्स' या भागात १९५२ सालच्या मायामीतील चित्रगृहात एक व्यंगचित्र पडद्यावरून खाली उतरते, आणि त्याच्या मायेतून सुटू पाहणारे डॉक्टर व त्याची सोबतीण एका घरातील दूरचित्रवाणी संचातून चक्क बाहेर पडतात. समोर बसलेले असतात 'डॉक्टर हू'चे तीन चाहते. डॉक्टर मोठ्या अपेक्षेने त्यांना त्यांची आवडती कथा विचारतो, आणि तिघेही 'ब्लिंक'चे नाव घेतात, जिच्यात डॉक्टर फारसा दिसतच नाही. हे तिघे स्वतः काल्पनिक आहेत, डॉक्टरला परत पाठवले की आपण संपणार हे त्यांना कळते, आणि तरीही ते त्याला जाऊ देतात. डेव्हिस यांनी चाहत्यांना वाहिलेली ही आदरांजली मनापासूनची आहे आणि तिने माझेही डोळे ओले झाले. परंतु ज्या भागाचे स्थळ वर्णभेदाचे कायदे जिवंत असलेले अमेरिकन शहर आहे, त्यातील सर्वांत उत्कट प्रसंग मालिकेच्या प्रेक्षकांविषयी असावा, ही गोष्ट प्रकृतिस्वास्थ्याची द्योतक मानता येत नाही.

पूर्वस्मृती वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. 'द वेल' हा भाग २००८ च्या 'मिडनाइट'चा उत्तरार्ध आहे हे मध्यावर उघड होते, पण ज्याने ती जुनी कथा पाहिलेली नाही त्याचेही काही बिघडत नाही, कारण एका कर्णबधिर स्त्रीच्या पाठीमागे काहीतरी उभे आहे आणि जो तिच्या नेमका मागे येईल तो मरतो, एवढे भय स्वयंपूर्ण आहे. आणि १० मे रोजी दाखवलेला, नायजेरियात जन्मलेले कवी व नाटककार इनुआ एलम्स यांनी लिहिलेला 'द स्टोरी अँड दि एंजिन' हा माझ्या मते या पर्वाचा मुकुटमणी. लागोस शहरातील ओमो नावाच्या न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइके अडकून पडली आहेत. केस कापले जात असताना त्यांनी कथा सांगावयाच्या आणि त्या कथांवर एक यंत्र चालावे, असा तेथला हुकूम आहे. आपल्या नव्या देहामुळे अन्यत्र नजरा झेलणारा डॉक्टर येथे प्रथमच नुसता एक ओळखीचा माणूस म्हणून खुर्चीत बसतो, आणि ज्या ओमोवर त्याने विश्वास टाकला त्यानेच त्याला सापळ्यात ओढलेले असते, ही वेदना कोणत्याही विश्वसंहारापेक्षा खोल जाते. पुढे अबेना ही तरुणी त्याच्या केसांच्या वेण्या घालते, आणि त्या वेण्यांतच यंत्राच्या हृदयापर्यंतची वाट नकाशासारखी गुंफलेली असते, ज्याच्या मागे गुलामीत सापडलेल्या स्त्रियांनी पलायनाच्या वाटा वेण्यांत लपवल्याची लोकस्मृती उभी आहे. साठ वर्षांपूर्वी हुसेन आणि लँबर्ट यांनी जो परका डोळा मालिकेला दिला, तो येथे पुन्हा उघडला. पुष्कळ चाहत्यांच्या चर्चेत मात्र या भागातील एका जुन्या डॉक्टरच्या क्षणभराच्या दर्शनाला वेण्यांहून अधिक जागा मिळाली, याचे मला मनस्वी दुःख आहे.

चाहत्यांचा कौल जेथे निर्विवाद खरा ठरला ते प्रकरण बेलिंडा चंद्रा हिचे. केरळात जन्मलेल्या आणि इंग्लंडात वाढलेल्या वरदा सेतू यांनी साकारलेली ही परिचारिका पहिल्याच भागात डॉक्टरला खडसावते, कारण त्याने तिच्या अनुमतीवाचून तिची शारीरिक तपासणी केलेली असते. तिला साहस नको आहे, तिला २४ मे २०२५ या दिवशी आपल्या घरी आणि आपल्या कामावर परतावयाचे आहे. इतक्या स्वाभिमानाने आलेल्या स्त्रीला अखेरच्या भागात पॉपी नावाच्या एका बालिकेसह पेटीत बंद करून युद्धापासून दूर ठेवले जाते, आणि मग सृष्टीची पुनर्रचना होऊन ती त्या पॉपीची पूर्वीपासूनच आई होती व घरी जाण्याचा तिचा सारा आग्रह त्या मुलीसाठीच होता, असे मागील तारखेने जाहीर केले जाते. स्त्रीच्या इच्छेला मातृत्वाचे कारण लावल्यावाचून ती पुरेशी मान्य होत नाही, असाच याचा अर्थ निघतो, आणि त्यावर चाहत्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, घेतलेला आक्षेप अक्षरशः योग्य आहे. या आक्षेपाला बळ आहे ते तो डोळ्यांसमोरच्या व्यक्तिरेखेवर उभा आहे म्हणून; त्यासाठी १९७५ सालचे दप्तर उघडावे लागत नाही.

या अपयशाचे एक व्यावहारिक कारणही नोंदवले पाहिजे. पहिल्या पर्वात ४२ भाग होते, टॉम बेकर यांच्या काळी २६, पुनरागमनानंतर १३, चिब्नल यांच्या वेळी १०, आणि आता अवघे ८. आठ भागांत एका स्त्रीची ओळख करून द्यावयाची, तिची मैत्री जुळवावयाची, आणि शिवाय १९८५ साली केट ओ'मारा यांनी गाजवलेली राणी ही खलनायिका व तिच्यामागून ओमेगा हा प्राचीन कालस्वामी यांनाही रंगमंचावर आणावयाचे, म्हटल्यावर कोणाला तरी जागा कमी पडणारच. ती बेलिंडाला पडली. राणी परत यावी ही चाहत्यांची वर्षानुवर्षांची मागणी होती. ती आली, आर्ची पंजाबी यांनी तिला ऐटीत उभेही केले, आणि अखेरच्या भागात ओमेगाने तिला गिळून टाकले. मागणी अशा रीतीने पुरी झाल्यावर सर्वाधिक असमाधान मागणाऱ्यांचेच झाले.

अखेरच्या दृश्यात गाटवा यांचा डॉक्टर प्रकाशात विरघळतो आणि बिली पायपर यांचा हसरा चेहरा प्रकट होतो. श्रेयनामावलीत त्यांचे नाव येते, पण त्या कोणती भूमिका करीत आहेत हे लिहिलेले नाही. २००५ च्या पहिल्याच भागातील रोझ ही व्यक्तिरेखा याच अभिनेत्रीने साकारली होती, तेव्हा हाही दप्तरातून काढलेलाच कागद आहे. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेशी असलेला करार संपल्याचे आणि २०२६ च्या नाताळात डेव्हिस यांनीच लिहिलेला विशेष भाग येणार असल्याचे बी.बी.सी.ने जाहीर केले. पायपर नेमक्या कोण, यावर चाहत्यांच्या मसलती चालू आहेत आणि चालू राहतील. माझी चिंता निराळी आहे: त्या भागानंतर लेखणी कोणाच्या हाती जाणार? बी.बी.सी.ने ती एलम्स यांच्यासारख्या, किंवा २०१८ साली फाळणीवर 'डीमन्स ऑफ द पंजाब' लिहिणाऱ्या विनय पटेल यांच्यासारख्या लेखकाकडे सोपवावी, त्याला आठांहून अधिक भाग द्यावेत, आणि पहिल्या वर्षी तरी एकाही जुन्या शत्रूला बोलावू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.