चित्र लिहिलं, नाव राहिलं

नाशिक फाट्यावरून भोसरीमार्गे चाकणकडे निघालं, की कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वारली आदिवासींचा तारपा वाजत असतो. गेरूचा पट्टा, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, एकमेकांचे हात धरून धरलेला फेर. पुलाचे खांब, शाळांच्या भिंती, सोसायट्यांची फाटकं, सगळीकडे हीच मंडळी. पण चित्राखाली चितारणाऱ्याचं नाव शोधू गेलं, तर बहुतेक वेळा हाती लागतं ते प्रायोजकाचं.

वारल्यांच्या घरी हे चित्र शोभेसाठी नव्हतं. लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठानं देवचौक भरत, त्यात पालघट देवी बसे आणि कार्य उरकलं की चित्राचंही काम संपे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात कागद आणि रंग नेले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी चौकाबाहेरचं जग रंगवायला घेतलं: शेत, मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीनं त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. एका माणसाचं नाव जगभर झालं, हे चांगलंच. पण ज्या सवाशिणींच्या हातांतून ही रेघ आली, त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

आणखी एक गंमत आहे. वारली वस्ती मुख्यतः पालघरच्या बाजूची. चाकणच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात राहतात ते महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी. चाकणच्या कारखान्यांना सगळ्यांत जवळचे आदिवासी हे. भिंतीवर मात्र वारली. ‘आदिवासी कला म्हणजे वारली’ असं समीकरण आपण सोयीसाठी करून टाकलं आहे. पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संग्रहालय आहे. ते चालवणारी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासूनची. ही सरधोपट समजूत मोडायची तर पिंपरी-चिंचवडच्या शाळांनी सहलीचा एक दिवस तिथं घालवावा, इतकं ते जवळ आहे.

आता नेमकी उलटी कथा. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या आश्रयानं जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, आणि सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तिथला हुशार हात गंगाराम चिंतामण तांबट यांचा. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा त्यांनी काढला, पर्वतीचा देखावा काढला, वेरूळची लेणी मापात बसवली. वेल्स १७९५ मध्ये वारला. मॅलेट १७९७ मध्ये पुण्याहून गेला आणि पुढं वेल्सच्याच मुलीशी लग्न करून विलायतेत स्थिरावला. आज तांबटांची चित्रं अमेरिकेत, न्यू हेवन इथल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याचा चितारी, विषय पुण्याचा, आणि दालन मात्र ब्रिटिश कलेचं! वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये रंगवलेलं पेशवे दरबाराचं मोठं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

म्हणजे वारलीचं चित्र इथं आहे, नाव नाही. तांबटांचं नाव उरलं, चित्र इथं नाही. दोन्हीकडे हरवली आहे ती एकच वस्तू: नोंद. जुन्या मराठीत चित्र काढत नसत, ‘लिहीत’ असत. चित्र लिहिणाऱ्यांबद्दलच लिहायचं आपण विसरलो.

ज्यांनी हे मनावर घेतलं, त्यांनी काय केलं पाहा. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात १९८८ पासून रंगवलेले २०० पोकळ ओंडके उभे आहेत. गोऱ्यांच्या वसाहतीला दोनशे वर्षं झाली, त्या वर्षी रामिंगिनिंग आणि आसपासच्या ४३ मूलवासी कलाकारांनी ते रंगवले. त्यांची मांडणी गोऱ्या तज्ज्ञांच्या वर्गीकरणानं नाही. ग्लाइड नदीकाठी ज्या कुळाची भूमी जिथं, तिथं त्या कुळाचे ओंडके. काही परदेशी संग्रहालयं तर आता ‘अज्ञात कलाकार’ लिहीत नाहीत, ‘एकेकाळी ज्ञात असलेला कलाकार’ असं लिहितात. शब्द थोडेच बदलले, पण विसरल्याचा दोष कलाकाराकडून आपल्याकडे आला.

आपल्याला हे अवघड नाही. येलनं २०११ पासून जुन्या चित्रांच्या उत्तम प्रती सर्वांना मोफत खुल्या केल्या आहेत. तांबटांचा गेंडा आणि पर्वती छापून चिंचवडच्या नाट्यगृहात किंवा निगडीच्या वाचनालयात लावायला खर्च फार तर कागदाचा आणि चौकटीचा. भिंतींचं त्याहून सोपं. एखाद्या कंपनीनं वा पालिकेनं पुढची भिंत रंगवून घेताना वारली चितारीच बोलवावेत, त्यांना रास्त मोबदला द्यावा आणि उजव्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहू द्याव्यात: नाव, गाव आणि साल.